भिंतीमागचं पाणी आणि रस्त्याखालची काळी माती

नमस्कार. मे महिन्याचा अंक म्हणजे पावसाला जेमतेम महिना राहिलाय, आणि यावेळी सदराकडे आलेले बहुतेक प्रश्न घराच्या आतले नाहीत, बाहेरचे आहेत. मागची रिटेनिंग वॉल, कंपाउंड, पेव्हर ब्लॉक, गटार, सोसायटीतला आतला रस्ता. मला याचं फार बरं वाटलं. गेली वीसेक वर्षं सॉइल रिपोर्ट लिहिताना मी बघतेय, रिपोर्ट हातात पडला की सगळे सरळ एसबीसीचं पान उघडतात, म्हणजे जमीन चौरस मीटरला किती टन घेईल तो आकडा, तो आरसीसी कन्सल्टंटकडे गेला की फाइल कपाटात. मागच्या दोन-तीन पानांवर रस्ता कसा करा, भिंतीमागे काय भरा, पाणी कुठून बाहेर काढा हे लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. खालच्या जवळजवळ प्रत्येक पत्राचं मूळ त्या न वाचलेल्या पानांत आहे. पत्रं थोडी आवरून घेतलीत, नावं काढलीत.

प्रश्न: ताई, आमची सोसायटी पुण्यात उंड्रीला उतारावर आहे. मागे दहा फुटी दगडी रिटेनिंग वॉल आहे, सिमेंटमधे बांधलेली, आणि तिच्या वरच्या अंगाला आमचंच पार्किंग. दोन वर्षांपासून भिंत मधोमध पोट सुटल्यासारखी दिसते, दगडांचे सांधे उकललेत, पावसात पांढरे ओघळ येतात. भिंतीत पाइप ठेवलेत पण त्यातनं पाणी पडताना कोणी बघितलेलं नाही. कमिटीतले काही जण म्हणतात वॉटरप्रूफ प्लास्टर मारून पाइप बुजवून टाकू, ओल थांबेल, कोटेशनही आलंय. काय करावं? (एक सेक्रेटरी, उंड्री)

उत्तर: काका, पाइप बुजवू नका आणि प्लास्टरची ऑर्डर देऊ नका, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल पण हे आजच कमिटीला सांगा.

आता का ते सांगते. तुमची भिंत दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर. तिच्यामागे चांगला मुरूम भरलेला असेल आणि तो कोरडा असेल तर भिंतीच्या दर एक मीटर लांबीवर जवळपास पावणेतीन टन जोर येतो. तोच भराव पाण्यानं वरपर्यंत भरला तर हा जोर सहा टनांच्या आसपास जातो, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि त्यातले साडेचार टन नुसत्या पाण्याचे असतात. मातीचे कण एकमेकांत अडकतात, थोडा भार स्वतः उचलतात, त्यामुळं तिच्या वजनाचा साधारण एक तृतीयांशच आडवा भिंतीवर येतो. पाणी असं काही करत नाही, ते सगळा दाब सगळीकडे देतं. भिंतीतले ते पाइप, ज्याला आपण वीप होल म्हणतो, ते याच्यासाठीच असतात. ते बुजवले की ओल दिसायची थांबेल हे खरंय, पण पाणी जाणार कुठे, ते मागे चढत राहणार आणि भिंत ढकलत राहणार.

बरं, पाइप असून पाणी का येत नाही? दोन कारणं नेहमी सापडतात. एक म्हणजे पाइपाच्या मागच्या तोंडाशी खडीचा फिल्टर घातलेलाच नसतो, नुसती माती टेकवलेली असते, मग पहिल्या-दुसऱ्या पावसातच गाळ जाऊन बसतो आणि पाइप कायमचा बंद. दुसरं जास्त वाईट आहे. एका साइटवर मी स्वतः पाइपात सळई घालून बघितली तर सहा इंचांवर दगड लागला, एक नाही, ओळीनं अकरा पाइप तसेच, म्हणजे बांधताना नुसते तुकडे दर्शनी बाजूला खोचून ठेवले होते, आरपार काहीच नव्हतं. त्या दिवशी मला रात्री नीट झोप लागली नव्हती, कारण त्या भिंतीखाली पोरांची खेळायची जागा होती. तुम्हीही आधी हेच करा, एक लांब सळई घ्या आणि प्रत्येक पाइप किती आत जातो ते मोजून वहीत लिहा.

मग पुढचं काम पावसाआधी होण्यासारखं आहे. भिंतीच्या वरच्या कडेला लागून गाड्या लावणं ताबडतोब बंद करा, निदान भिंतीच्या उंचीइतकी म्हणजे दहा फूट पट्टी मोकळी ठेवा, कारण गाड्यांचा भार धरला तर मीटरला आणखी टनभर जोर वाढू शकतो आणि तो वरच्या अंगाला असल्यामुळं भिंत उलटवायला जास्त कारणीभूत होतो. वरच्या पार्किंगचं पाणी भिंतीकडे उतरत असेल तर कडेनं पक्कं गटार करून ते दोन्ही टोकांना काढून द्या, आणि वरून पाण्याची लाइन, ड्रेनेजचं चेंबर, बागेचा नळ यातलं काही गळतंय का ते नीट तपासा. उन्हाळ्यातही भिंत ओली असेल तर ते पावसाचं पाणी नाही, कुठलीतरी लाइन फुटलीय. खालच्या बाजूला भिंतीच्या पायाशी केबलसाठी किंवा गटारासाठी चर खणू देऊ नका, तिथली माती भिंतीला पुढे सरकण्यापासून धरून ठेवते आणि दोन फुटांचा चर खणला की तो आधार गेला. हे माझ्या बघण्यात इतक्यांदा आलंय की मी आता भिंत बघायला गेले की आधी पायथ्याशी बघते.

नवीन वीप होल पाडता येतील, दगडी भिंतीत कोअर कटिंगनं म्हणजे मशीननं गोल भोक कापून होतं, ७५ ते १०० मिमीचे, साधारण एक ते दीड मीटर अंतरावर, एक सोडून एक खालीवर, सगळ्यात खालची ओळ जमिनीपासून थोडीच वर, पाइपाला बाहेरच्या बाजूला थोडा ढाळ, आणि आतल्या टोकाला भोकं पाडलेला पाइप जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, गुंडाळून. पण पोट सुटलेल्या भिंतीत हे स्ट्रक्चरल इंजिनिअर समोर उभा असल्याशिवाय करू नका. त्याला एक गोष्ट आवर्जून विचारा, की भिंत खाली किती रुंद आहे. दगडी भिंत स्वतःच्या वजनावर उभी असते, दहा फुटी भिंतीला पायाशी ढोबळ मानानं पाच-सहा फूट रुंदी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी वर दीड फूट दिसते तशीच खालपर्यंत दीड फूट बांधलेली असते. तसं निघालं तर पाइप पाडून भागणार नाही, मागचा भराव निदान वरचा तीन-चार फूट काढून उतार देणं किंवा पुढून नवीन आधार देणं हाच मार्ग. वरचा थोडा भराव काढल्यानं फार फरक पडतो, कारण हा जोर उंचीच्या वर्गानं वाढतो, दहाची सात फूट उंची केली की जोर निम्म्यावर येतो.

तोपर्यंत भिंतीवर चार ठिकाणी वरून ओळंबा सोडा, दर फुटाला अंतर मोजा, तारीख घालून लिहा. सांध्यांवर काचेच्या पट्ट्या सिमेंटनं चिकटवा. आठवड्यात काच तडकली किंवा ओळंब्याचं अंतर वाढत गेलं तर खालची जागा रिकामी करायची, मीटिंग बोलवत बसायचं नाही.

प्रश्न: आमची मांजरीत छोटी रो-हाउसची स्कीम आहे, खाली सगळी काळी माती. आतल्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक आहेत, दर पावसाळ्यात ते खचतात आणि उन्हाळ्यात कडेनं लांबच लांब भेग पडते. तीनदा ब्लॉक काढून वाळू टाकून परत बसवले. आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वर अजून सहा इंच मुरूम टाकू आणि काँक्रीट करू. पैसे भरून भरून सगळे वैतागलेत. (एक रहिवासी, मांजरी)

उत्तर: दादा, तीनदा तुम्ही वरचा ब्लॉक दुरुस्त केलात पण रोग खालच्या मातीत आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. आपल्या आजी-आजोबांना हे न सांगता माहीत होतं, उन्हाळ्यात रानातल्या भेगेत काठी आख्खी जायची. तुमच्या रस्त्याची भेग कडेनंच का पडते तर रस्त्याच्या मधोमध वरून झाकलेलं असल्यानं ओलावा वर्षभर साधारण सारखा राहतो, कडेला मात्र ऊन लागतं, माती वाळते, आकसते आणि कड खाली बसते. पावसाळ्यात तीच कड आधी भिजते आणि मऊ पडते. म्हणजे मधला भाग जागेवर आणि कडा वर्षभर खालीवर, मग वर कितीही जाडीचं काही टाका, ते तुटणारच.

तुमची माती किती फुगते हे घरी बघता येतं, लॅबमधली टेस्ट ती लॅबमधलीच पण अंदाज येतो. माती वाळवा, कुटा, बारीक चाळा. दोन सारखे उभे काचेचे मोजपात्र घ्या, दोन्हीत दहा-दहा ग्रॅम माती, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, ढवळून बुडबुडे जाऊ द्या आणि एक दिवस ठेवा. रॉकेलमधे माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधे दहा मिली भरली आणि पाण्यात पंधरा झाली तर फुगवटा ५० टक्के. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग ४० मधे हीच टेस्ट आहे, आणि मोर्थच्या म्हणजे केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या रस्त्यांच्या स्पेसिफिकेशनमधे ५० टक्क्यांच्या वर फुगणारी माती भरावाला चालत नाही.

कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, मुरूम हवाच, पण वर नाही, काळ्या मातीच्या जागी. वरची दीड-दोन फूट काळी माती काढून तिथं न फुगणारा मुरूम भरायचा, आठ-आठ इंचांच्या थरात, प्रत्येक थराला पाणी मारून, वायब्रेटर रोलर फिरवून. काळी माती आणि मुरूम यांच्यामधे जिओटेक्स्टाइलचं कापड टाका, नाहीतर पावसात खालचा चिखल वर खडीत चढतो. न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा असा थर काळ्या मातीवर टाकला की खालचा फुगवटा आवरला जातो, यावर आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी मोठं काम केलंय, त्याला सीएनएस लेयर म्हणतात, कालव्यांच्या कामात तो वापरला जातो. माती काढून नेणं फारच महाग पडत असेल तर चुना मिसळायचा पर्याय आहे, साधारण ३ ते ५ टक्के, पण तो नीट कालवला गेला पाहिजे, वरून भुरभुरून काही होत नाही.

आता जे सगळ्यात जास्त चुकतं ते. काळ्या मातीत खड्डा केला आणि त्यात मुरूम-खडी भरली की तुम्ही काय केलंत, तर एक टाकी बांधली. काळी माती पाणी जवळजवळ सोडतच नाही, मुरूम आणि खडी पाणी पितात, पेव्हरच्या सांध्यांतनं सगळं पाणी खाली जातं आणि त्या टाकीत साचून राहतं, तळाची काळी माती चार महिने भिजत बसते. मग लाखो रुपये घालूनही रस्ता पहिल्यापेक्षा वाईट होतो, मी असे दोन रस्ते बघितलेत आणि दोन्ही ठिकाणी लोक मुरमाला दोष देत होते. म्हणून त्या खड्ड्याच्या तळाला ढाळ द्यायचा, सगळ्यात खोल बाजूनं भोकं पाडलेला पाइप खडीत आणि कापडात गुंडाळून टाकायचा, आणि तो पाइप खरोखर कुठेतरी बाहेर पडला पाहिजे, नाल्यात किंवा स्टॉर्म वॉटरच्या चेंबरमधे, त्या चेंबरची लेव्हल पाइपापेक्षा खाली आहे ना हे काम सुरू करायच्या आधी मोजा. मांजरीसारख्या सपाट भागात नेमकी इथं अडचण येते. बाहेर काढायला लेव्हल मिळत नसेल तर पेव्हरऐवजी काँक्रीट करा म्हणजे वरूनच कमी पाणी जाईल, चारेक मीटरवर जॉइंट कापून घ्या, जॉइंट बिटुमिननं भरा, आणि वरचा ढाळ ५० ला १ ठेवा.

पेव्हरच करायचे असतील तर गाड्यांच्या रस्त्याला ८० मिमीचे घ्या, ६० चे चालायच्या जागेला, खाली वाळूचा थर पातळच हवा, ३०-४० मिमी, खड्डे भरून काढायला वाळू जाड टाकली की तिथंच चाकोरी पडते. कडेला कर्ब काँक्रीटमधे पक्का बसवा, नाहीतर ब्लॉक बाजूला पसरत जातात. आणि रस्त्याच्या कडेला जी बाग आहे तिथलं पाणी रोज रस्त्याखाली जातंय का ते बघा, शक्य असेल तर कडेनं मीटरभर पट्टी पक्की करा, त्या लांब भेगेवर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

प्रश्न: बावधनला टेकडीच्या पायथ्याशी आमचं रीडेव्हलपमेंट सुरू आहे. तुम्ही म्हणता तो रिपोर्ट मी सभासद म्हणून मागून घेतला. मागच्या पानांवर सोक्ड सीबीआर, ९७ टक्के एमडीडी, रेड बोल असं लिहिलंय. बोअरमधे पाणी लागलं नाही असंही लिहिलंय, म्हणून साइटवरचे लोक भिंतीमागचा ड्रेन नको म्हणतात. आम्हाला यातलं काही कळत नाही. (एक सभासद, बावधन)

उत्तर: ताई, तुम्ही रिपोर्ट मागून घेतलात हेच मोठं काम केलंत.

माती तपासायचे बोअर कोणत्या महिन्यात मारलेत ते पहिल्या पानावर बघा. मार्च ते मे मधे मारले असतील तर पाणी लागणारच नाही. टेकडीच्या पायथ्याला पाणी जुलैनंतर येतं, आणि तुमच्याकडे तर रेड बोल आहे. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय, दोन थरांच्या मधे कधी कधी तांबड्या मातीची पट्टी सापडते, घाटात रस्ता कापलेला असतो तिथं काळ्या दगडात ती लाल रेघ तुम्ही बघितली असेल, तीच रेड बोल. वरच्या दगडाच्या भेगांतनं झिरपलेलं पाणी त्या पट्टीवर येऊन थांबतं आणि आडवं वाहायला लागतं, कापलेल्या कड्यात ते झऱ्यासारखं बाहेर येतं. ती पट्टी उघडी पडून ओली-कोरडी होत राहिली की सुटतेही, आणि वरचा दगड आधाराविना राहतो. म्हणून तुमच्या भिंतीमागे ड्रेन हवाच. तळाशी भोकांचा पाइप, भिंतीच्या पाठीला निदान फूटभर, जमलं तर दोन फूट जाडीचा खडीचा उभा थर, त्याला कापड, आणि वरून फूट-दीड फूट घट्ट मातीचं झाकण म्हणजे पावसाचं पाणी थेट आत शिरत नाही. भिंतीमागे खोदलेली काळी माती किंवा जुन्या बिल्डिंगचा राडारोडा भरू देऊ नका. रीडेव्हलपमेंटमधे राडारोडा समोरच पडलेला असतो आणि तो बाहेर टाकायला पैसे लागतात, म्हणून तो भिंतीमागे जातो. त्या वेळी कोणीतरी सभासद साइटवर हजर पाहिजे.

सीबीआर म्हणजे मातीत दोन इंची दांडा रेटायला किती जोर लागतो, त्याची चांगल्या खडीशी केलेली तुलना टक्क्यांत. सोक्ड म्हणजे मातीचा नमुना चार दिवस पाण्यात ठेवून मग केलेली टेस्ट. मे महिन्यात काळी माती दगडासारखी लागते, पाय आपटला तरी खूण पडत नाही, तीच चार दिवस भिजली की सीबीआर दोन-तीनवर येतो, चांगला मुरूम मात्र भिजूनही पंधरा-वीस देतो. रस्ता भिजलेल्या आकड्यावर डिझाइन करायचा. ९७ टक्के एमडीडी म्हणजे माती लॅबमधे जास्तीत जास्त जितकी घट्ट बसली त्याच्या ९७ टक्के घट्ट साइटवर बसली पाहिजे, आणि हे रोलरच्या फेऱ्या मोजून कळत नाही, छोटा खड्डा करून त्यात वाळू भरून मोजतात, सँड रिप्लेसमेंट म्हणतात, त्याचे रिपोर्ट प्रत्येक थराचे मागा.

तुमच्या ड्राइव्हवेवरनं अग्निशमनची गाडी जाणार असते हेही लक्षात ठेवा, नॅशनल बिल्डिंग कोडमधे त्या मोकळ्या जागेला ४५ टनांपर्यंतची गाडी पेलण्याइतका पृष्ठभाग सांगितलाय. आणि पहिल्या वर्षात ड्राइव्हवे कुठे खचतो माहितेय का, ड्रेनेज आणि केबलच्या चरांवर, कारण शेवटच्या घाईत चर माती ढकलून बुजवतात. चरातही थर-थर करून, लहान दुरमुसानं ठोकून भरायला लावा.

प्रश्न: धायरीत माझं बैठं घर आहे. शेजारच्या प्लॉटवाल्यानं लेव्हल वर घ्यायची म्हणून माझ्या सहा इंची ब्लॉकच्या कंपाउंडला टेकवून पाच फूट माती भरलीय. तो म्हणतो भिंत मजबूत आहे, काही होत नाही. माझ्या बाजूला भिंतीलगत त्याच्याच कामावरच्या मजुरांनी पत्र्याची शेड टाकलीय, मीच दया येऊन परवानगी दिली होती. (एक वाचक, धायरी)

उत्तर: काका, ती शेड आज संध्याकाळच्या आत तिथनं हलवा. तुम्ही दुसरी जागा द्या, घराच्या पुढच्या अंगाला द्या, पण त्या भिंतीच्या सावलीत कोणी झोपता कामा नये.

पुण्यानं हे बघितलंय. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर, पावसात, कोंढव्यात एक भिंत मजुरांच्या शेडवर पडली आणि पंधरा माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्यानंतर तीनच दिवसांत आंबेगावला दुसरी भिंत अशीच झोपड्यांवर पडून सहा जण गेले. दोन्हीकडे रात्र, दोन्हीकडे पाऊस, दोन्हीकडे भिंतीला लागून झोपलेले कामगार. हे लिहिताना माझा हात अजूनही जड होतो.

कंपाउंडची भिंत हद्द दाखवायला असते, माती धरायला नाही. सहा इंची ब्लॉकच्या भिंतीला आडवा जोर घ्यायची ताकद फार थोडी. पाच फूट कोरड्या भरावाचा जोर मीटरला पावणेसातशे किलोच्या आसपास, तोच भिजला की दीड टन. ओतलेली, न दाबलेली माती तर पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाणी आत घेते. शेजाऱ्याला लेखी द्या, फोटो तारखेसकट ठेवा, क्षेत्रीय कार्यालयात आणि बांधकाम विभागात अर्ज देऊन पोच घ्या. त्यानं करायचं ते असं की माती तुमच्या भिंतीपासून निदान पाच-सात फूट मागे घ्यायची आणि तिला उतार द्यायचा, किंवा स्वतःच्या हद्दीत स्वतंत्र डिझाइन केलेली रिटेनिंग वॉल बांधायची, तिचा पाया आणि वीप होलचं पाणीही त्याच्याच हद्दीत. तो ऐकत नाही तोवर तुमच्या बाजूनं टेकू देऊन भिंत धरायचा प्रयत्न करू नका, टेकू लावायला गेलेलाच माणूस खाली सापडतो.

प्रश्न: वाघोलीला बंगला आहे, काळ्या मातीवर. भिंतीलगत सगळीकडे फुलझाडांचे वाफे केलेत, ड्रिप आहे. कोपऱ्यांत तिरप्या भेगा येतात, पावसाळ्यात मिटतात, उन्हाळ्यात उघडतात. (एक गृहिणी, वाघोली)

उत्तर: ताई, वाफे भिंतीपासून दूर न्या. त्या जागी घराच्या चारी बाजूंनी मीटरभर रुंदीचं प्लिंथ प्रोटेक्शन म्हणजे भिंतीलगतची पक्की पट्टी करा, ढाळ बाहेरच्या बाजूला, भिंत आणि ते यांच्यामधला सांधा बिटुमिननं भरलेला. गच्चीचे पाइप थेट जमिनीवर सोडले असतील तर ते गटारापर्यंत न्या. मोठं झाड घराजवळ असेल तर घाईनं तोडू नका, तोडलं की जमिनीतला ओलावा बदलतो आणि माती उलट फुगते, आधी कोणाला तरी दाखवा. भेगा दोन ऋतू मोजून ठेवा, मिटत-उघडत असतील तर घर ऋतूप्रमाणे हलतंय, आणि वरचं सगळं केल्यावर हालचाल बरीच कमी व्हायला हवी. एकाच दिशेनं वाढत असतील तर पाया बघावा लागेल.

प्रश्न: सुसला आमच्या सोसायटीला रेनवॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा करायचाय. रिकामी जागा फक्त वरच्या टेरेसवर आहे, रिटेनिंग वॉलच्या मागे आठ फुटांवर. चालेल का? (एक कमिटी सदस्य, सुस)

उत्तर: नाही. हिशोब बघा, हजार चौरस मीटर गच्चीवर दिवसाला १०० मिमी पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होतं, ते तुम्ही मुद्दाम भिंतीच्या पाठीशी सोडणार. पाणी जिरवायचंच आहे, पुण्याला त्याची गरज आहे, पण ते भिंतीच्या खालच्या अंगाला जिरवा, पायापासून लांब, किंवा बोअरवेलमधे फिल्टर लावून सोडा. खालीही जागा नसेल तर टाकीत साठवून बागेला आणि फ्लशला वापरा. आणि आधी तिथं एक खड्डा घेऊन त्यात पाणी ओतून बघा, तासाभरात किती इंच उतरतं, कारण वर दोन फूट मुरूम आणि खाली अखंड काळा दगड असेल तर पाणी खाली जातच नाही, दगडाच्या माथ्यावरनं आडवं सरकत थेट भिंतीच्या पाठीला येतं. ते सुसच्या उतारावर खूप ठिकाणी होतं. कोणी आधीच असा खड्डा भिंतीमागे केला असेल तर या पावसाआधी त्याचा इनलेट बंद करून पाणी गटारात वळवा.